सय्यद अब्दुल रहीम : एका शाळामास्तरांचे चरित्र

सायंकाळी खेळाच्या तासाला आपल्या शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा चेंडू टाकला म्हणजे जे दृश्य दिसते, ते आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. चेंडू जिकडे, तिकडे बावीसच्या बावीस मुले! मोहोळ उठल्यावर माशांचा घोळका जसा एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो, तसा हा मुलांचा घोळका मैदानभर फिरत असतो. ज्याच्या पायात चेंडू आला, त्यास तो सोडवत नाही. दुसऱ्यास दिला तर आपले काही गमावले असे त्यास वाटते. डाव्या पायाने चेंडू मारण्याचा प्रसंग आला, तर मुलगा वळसा घेऊन उजवा पाय मोकळा करू पाहतो, आणि तोवर प्रतिपक्षाचा गडी चेंडू घेऊन पसार झालेला असतो. हे पाहून काही पालक आम्हांस विचारतात, की या तासात मुले शिकतात तरी काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपदेशाने न देता एका शिक्षकाच्या चरित्राने द्यावे असे आम्ही योजिले आहे.

हे शिक्षक म्हणजे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. भारताच्या फुटबॉल संघाने आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक दोनच वेळा मिळविले, १९५१ साली आणि १९६२ साली. आणि दोन्ही वेळी संघाचे शिक्षक हेच गृहस्थ होते. २०२४ साली त्यांच्या जीवनावर 'मैदान' नावाचा हिंदी बोलपट निघाला, तेव्हा आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव प्रथम ऐकले. परंतु बोलपटात मोठे सामने तेवढे डोळ्यांत भरतात. त्या सामन्यांच्या मागे जी वीस वर्षांची निमूट मेहनत होती, ती येथे सांगण्याचा आमचा उद्देश आहे.

रहीमसाहेबांचे चरित्र हिंगोलीच्या वाचकांस परके नाही, याचे कारण इतिहासात आहे. आज आपला जिल्हा महाराष्ट्रात असून तो १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु ज्या काळात रहीमसाहेब लहानाचे मोठे झाले आणि कामास लागले, त्या काळात हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्या संस्थानात होते. परभणी हा त्यांपैकी एक. तेव्हा हैदराबाद ही आपल्या आजोबा-पणजोबांची राजधानी होती. त्या राजधानीच्या सर्वच आठवणी गोड नाहीत, हे आम्ही जाणतो. रझाकारांच्या काळच्या गोष्टी आजही आपल्याकडे घरोघर सांगितल्या जातात, आणि १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस मराठवाड्यात मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. त्या गोष्टी विसरू नयेत. मात्र त्याच शहरात त्याच काळी एक मुसलमान शाळामास्तर मुलांस चेंडू एकमेकांस देण्यास शिकवीत होता, हीही गोष्ट तितकीच खरी आहे, आणि तीही मुलांस सांगितली पाहिजे असे आम्हांस वाटते.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात त्यांचे उच्च शिक्षण झाले. हे विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले असून तेथे उर्दू माध्यमातून शिक्षण दिले जाई. विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळत. पुढे तेथील माजी विद्यार्थ्यांच्या 'इलेव्हन हंटर्स' या संघातून आणि नंतर शहरातील नावाजलेल्या कमर क्लबातून ते खेळले. पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा येथील माध्यमिक शाळा, उर्दू शरीफ शाळा, दारुल-उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल, अशा चार शाळांतून त्यांनी अध्यापन केले. मध्यंतरी त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका संपादन केली, आणि शेवटच्या दोन शाळांतील खेळांची सर्व व्यवस्था त्यांच्याकडे आली. येणेप्रमाणे पुढे ज्यांच्या नावाचा देशभर बोलबाला झाला, ते गृहस्थ मुळात आमच्यासारखेच हजेरी घेणारे, वह्या तपासणारे आणि शिटी वाजविणारे शिक्षक होते.

आता त्या काळच्या फुटबॉलची स्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. हा खेळ आपल्या देशात इंग्रज सैनिकांबरोबर आला. जेथे छावणी तेथे चेंडू, असा प्रकार होता. आपली हिंगोलीदेखील एके काळी छावणीचे गाव होती; इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेची एक छावणी येथे असे, आणि ती फौज १९०३ साली हिंदी सैन्यात सामील करण्यात आली. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ साली आणि मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, ती प्रथम गोऱ्या पलटणींकरिताच. १९११ साली कलकत्त्याच्या मोहनबागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली, तेव्हा साऱ्या देशास आनंदाचे भरते आले. तरीही रोव्हर्स करंडक हिंदी नागरिकांच्या हाती येण्यास १९३७ साल उजाडावे लागले. तो मान बंगळूरच्या मुस्लिम संघाने मिळविला. या सर्व काळात आपले बहुतेक गडी अनवाणी खेळत आणि एकेकट्याच्या चपळाईवर भरवसा ठेवीत. चेंडू पायात घोळवीत तीन-चार गड्यांना चकवून जावे, यातच प्रेक्षकांना आणि खेळणारांना धन्यता वाटे.

१९४३ साली रहीमसाहेब हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले. त्यांच्या पूर्वी हे पद सय्यद महंमद हादी यांच्याकडे होते. हादी हे असामान्य खेळाडू. १९२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिकमध्ये ते टेनिस खेळले, आणि १९३४ साली रणजी करंडकाच्या पहिल्याच वर्षी त्या स्पर्धेतील पहिले शतकही त्यांनीच काढले. अशा पुरुषाच्या जागी एक शाळामास्तर आला. परंतु चिटणिसाचे काम म्हणजे शतके काढणे नव्हे. कोणत्या क्लबाचा सामना कोणाशी, कोणत्या दिवशी, कोणत्या मैदानावर, पंच कोण, तक्रार आली तर निवाडा काय, हे सर्व वर्षानुवर्षे सांभाळणे हे ते काम होय. त्यात टाळ्या नाहीत. हे काम रहीमसाहेबांनी अखेरपर्यंत, म्हणजे वीस वर्षे केले.

येथे साखळी सामने, ज्यांस लीग म्हणतात, ते काय असतात हे आमच्या बालवाचकांस समजावून देणे अवश्य आहे. समजा, आठ संघ आहेत. बाद पद्धतीने स्पर्धा घेतली तर सारे मिळून सात सामने होतात, आणि पहिल्या फेरीतच चार संघ बिछाने गुंडाळून घरी जातात. त्यांनी वर्षभर तयारी केली असेल, तरी त्यांच्या वाट्यास एकच सामना येतो. साखळी पद्धतीत मात्र प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळतो. त्याच आठ संघांचे अठ्ठावीस सामने होतात आणि प्रत्येकास सात सामने मिळतात. त्या काळी विजयास दोन गुण आणि बरोबरीस एक गुण असे. आज हरलेल्यास पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे राहता येते. आज जिंकलेल्यास पुढच्या आठवड्यात पुन्हा सिद्ध व्हावे लागते. बाद पद्धतीत एखाद्या दिवसाचे दैव चालून जाते. साखळीत तसे चालत नाही. तेथे चिकाटीची परीक्षा होते. म्हणूनच ज्या गावी साखळी सामने नियमाने होतात त्या गावी खेळाडू तयार होतात, आणि ज्या गावी वर्षातून एकदा ढालीचा उत्सव होतो त्या गावी केवळ प्रेक्षक तयार होतात. शिक्षणाचेही असेच आहे; एका वार्षिक परीक्षेपेक्षा रोजचा धडाच मुलास घडवितो.

हैदराबादच्या या सामन्यांतून रहीमसाहेब मुले निवडीत आणि त्यांस शिकवीत. त्यांच्या शिकविण्याची रीत शाळामास्तराची होती. ज्या मुलाचे गणित कच्चे त्यास गणिताचीच उदाहरणे अधिक द्यावीत, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. रहीमसाहेबांनी हाच न्याय पायांना लावला. त्यांनी असे सामने भरविले, की ज्यांत गड्याने आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारावा. सराईत पाय वापरावयाचा नाही. प्रथम प्रथम अशा खेळात भलेभले गडी ठेचाळतात आणि पाहणारे हसतात. परंतु काही महिन्यांनी ज्यास दोन पाय आहेत असा खेळाडू तयार होतो. त्याचप्रमाणे त्यांनी चेंडू घोळविण्याची मनाई असलेले सामने भरविले. चेंडू आला की तो लागलीच आपल्या सोबत्यास द्यावयाचा. अडवून धरावयाचा नाही. ज्या देशात चेंडू पायात घोळविणे हेच खेळाचे भूषण समजले जात होते, तेथे हा नियम म्हणजे मोठीच क्रांती होती. चेंडू हा माणसापेक्षा जलद धावतो, आणि दिलेला चेंडू आपला राहत नाही हे खरे असले तरी तो आपल्या संघाचा राहतो, ही गोष्ट त्यांनी मुलांच्या अंगी बाणविली.

यावरून आम्हांस प्रेषित पौलाने घातलेला शरीराचा आणि अवयवांचा दृष्टांत आठवतो. डोळा हाताला नको म्हणू शकत नाही, आणि जे अवयव दुबळे दिसतात त्यांचीच अधिक गरज असते, असा त्याचा आशय आहे. रहीमसाहेबांचा धर्म वेगळा होता. पण मैदानावर त्यांनी जे शिकविले ते याच जातीचे होते.

त्या काळी हे खेळाडू हौशी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. खेळाबद्दल त्यांना वेतन मिळत नसे. उदरनिर्वाहाकरिता कोणी नोकरी करी, कोणी मजुरी. हैदराबादच्या शहर पोलिसांचा जो संघ पुढे विख्यात झाला, त्यातील गडी पोलीस खात्याचे नोकर होते. रहीमसाहेबांनी १९५० सालापासून या संघास शिकविण्यास आरंभ केला, आणि त्याच वर्षी या संघाने रोव्हर्स करंडक जिंकला. तो एकदा जिंकून ते थांबले नाहीत. १९५०, १९५१, १९५२, १९५३ आणि १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे त्यांनी मुंबईहून तो करंडक नेला. १९५० सालीच त्यांनी अंतिम सामन्यात मोहनबागानचा पराभव करून ड्युरँड करंडकही मिळविला; १९५४ व १९५७ साली तो पुन्हा त्यांच्याकडे आला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्या शहराच्या नावाने वर्तमानपत्रांत चिंतेच्या बातम्या येत, त्याचे नाव आता साऱ्या देशात कौतुकाने घेतले जाऊ लागले.

यशाच्या या दिवसांतही रहीमसाहेबांची नजर गरीब मुलाकडे असे. सिकंदराबादेजवळील अम्मुगुडा या खेड्यातील तुळशीदास बलराम नावाचा एक मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. मुलगा गुणी, पण घरची अत्यंत गरिबी. सरावास शहरात यावयाचे तर अंतर लांब आणि येण्याजाण्यास पैसे नाहीत. तेव्हा रहीमसाहेबांनी त्यास भाड्याची सायकल घेण्यापुरते पैसे स्वतः दिले, असे बलराम यांनी पुढे मोठेपणी कृतज्ञतेने सांगितले. हाच मुलगा १९५६ आणि १९६० या दोन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. २०२३ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांची गणना देशाच्या सर्वोत्तम आघाडीच्या खेळाडूंत होत होती. सायकलचे भाडे किती थोडे आणि त्याचे फळ केवढे!

१९५१ साली पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा दिल्लीस भरल्या, तेव्हा रहीमसाहेब भारतीय संघाचे शिक्षक होते. शैलेन मन्ना कर्णधार होते. अंतिम सामना १० मार्च रोजी इराणशी झाला आणि मेवालाल यांच्या एका गोलाने भारताने तो जिंकला. देशात हर्ष झाला. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. थंडी कडाक्याची आणि आपले बहुतेक गडी अनवाणी. चरित्रे लिहिताना असे प्रसंग गाळण्याची चाल आहे. आम्हांस ती मान्य नाही. शिक्षकाची खरी परीक्षा वर्गाचा निकाल वाईट लागतो तेव्हाच होते. या पराभवानंतर फुटबॉलच्या अखिल भारतीय संस्थेने पायात बूट घालून खेळणे सक्तीचे केले. रहीमसाहेबांनीही दैवास किंवा हवामानास दोष देत न बसता, यशस्वी संघ काय करतात याचा अभ्यास मांडला. त्या वर्षीचे सुवर्णपदक हंगेरीने जिंकले होते. आघाडीचा मधला गडी थोडा मागे ठेवून प्रतिपक्षास बुचकळ्यात पाडण्याची हंगेरीची युक्ती त्यांनी आपल्या संघात आणली; आणि चार गडी बचावास, दोन मध्ये व चार आघाडीस, ही जी मांडणी ब्राझील देशाने १९५८ साली जगात गाजविली, तिचा प्रयोग आपल्या संघाकडून त्यांनी त्यापूर्वीच करविला होता.

आता १९५६ सालाकडे यावे. आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने हे साल विशेष आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य मोडले आणि मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. याप्रमाणे हिंगोली हैदराबादेची न राहता मुंबईची झाली. यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला. भारताने तो ४-२ असा जिंकला, आणि त्यांतील तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या, गोव्यात जन्मलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी केले. ज्या संघात हैदराबादचे नूर महंमद, अझीझुद्दीन, लतीफ आणि बलराम होते, त्याच संघात मुंबईचा हा ख्रिस्ती तरुण होता. आपल्या नव्या राजधानीचा आणि जुन्या राजधानीचा असा मिलाफ दूरदेशीच्या मैदानावर झाला, हे पाहून आम्हांस आजही समाधान वाटते. या विजयाने ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठणारा आशियातील पहिला फुटबॉल संघ भारताचा ठरला. त्या फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाशीच गाठ पडली. या वेळी पहिला गोल नेव्हिल यांनी केला. नंतर प्रतिपक्षाने चार केले. कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाने ३-० असा जिंकला. पदक मिळाले नाही. परंतु १०-१ पासून ४-१ पर्यंतचे अंतर चार वर्षांत कापले गेले, हे काही थोडके नव्हे. त्याच सुमारास संतोष करंडकासाठी झालेल्या प्रांतांच्या सामन्यांत हैदराबादने १९५६-५७ व १९५७-५८ अशी दोन वर्षे अजिंक्यपद मिळविले, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरलेला संघ मुंबईचा होता!

१९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये भारत पहिल्या फेरीपुढे गेला नाही. तरी हंगेरीशी २-१ असा निकराने हरला आणि फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली. या संघात रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम यांची निवड झाली होती. परंतु एकाही सामन्यात त्यांस खेळविण्यात आले नाही. पोटच्या पोरालाही बाकावर बसविणारा तो बाप होता. हकीम हे पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले, २०१७ साली त्यांस ध्यानचंद पुरस्कार मिळाला, आणि २०२१ साली ते निवर्तले.

रहीमसाहेबांच्या आयुष्याचा कळस १९६२ साली जाकार्ता येथे झाला. आरंभ वाईट होता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास २-० असे हरविले. त्यानंतर थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण त्या सामन्यात बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांच्या डोक्यास मोठी जखम झाली व टाके घालावे लागले. जपानवर २-० असा विजय मिळवून भारत उपांत्य फेरीत गेला. आता जर्नेलसिंग यांचे काय करावे? जखमी डोक्याने बचावात चेंडू अडविणे कठीण. रहीमसाहेबांनी त्यांस आघाडीस खेळविले. हा निर्णय पाहून जाणते लोक चकित झाले असतील. पण शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांस इतरांपेक्षा अधिक ओळखतो. दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला, त्यात जर्नेलसिंग यांचा एक गोल होता.

अंतिम सामना ४ सप्टेंबर रोजी पुन्हा दक्षिण कोरियाशी होता. इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंस स्पर्धेत येऊ न दिल्याबद्दल एका भारतीय अधिकाऱ्याने जी हरकत घेतली, तिच्यामुळे यजमान देशातील लोक भारतावर संतापले होते. सुमारे एक लाख प्रेक्षकांचा समुदाय आपल्या संघाविरुद्ध ओरडत होता. आपल्या बाजूने ओरडणारे थोडेच, आणि त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू होते, असे त्या संघातील आपल्या खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. आदल्या दिवशी रहीमसाहेबांनी आपल्या शिष्यांजवळ एकच देणगी मागितली, ती म्हणजे सुवर्णपदक. गोलरक्षक थंगराज नुकतेच आजारातून उठले होते, तरी त्यांच्यावर विश्वास टाकला गेला. सतराव्या मिनिटास प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी आणि विसाव्या मिनिटास जर्नेलसिंग यांनी गोल केला. कोरियाने शेवटी एक फेडला, पण भारत २-१ असा विजयी झाला. बंगालचे चुनी गोस्वामी कर्णधार, पंजाबचे जर्नेलसिंग, गोव्याचे फ्रांको, हैदराबादचे बलराम व युसूफ खान. हिंदू, मुसलमान, शीख आणि ख्रिस्ती असे सारे त्या संघात होते. कोणी कोणास चेंडू द्यावा, हे ठरविताना त्यांना एकमेकांचा धर्म आठवला नसेल. एकमेकांची जागा तेवढी आठवली असेल.

या विजयानंतर सव्वानऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, फुप्फुसाच्या कर्करोगाने रहीमसाहेबांचे देहावसान झाले. त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. क्रीडाशिक्षकांस देण्यात येणारा द्रोणाचार्य पुरस्कार त्यानंतर बावीस वर्षांनी, १९८५ साली, सुरू झाला.

त्यांच्या मागे काय राहिले? आंध्र प्रदेशाने १९६५-६६ साली संतोष करंडक जिंकला. त्यानंतर तो हैदराबादकडे पुन्हा आलेला नाही. १९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मैदानावर उतरलेला नाही, आणि आशियाई सुवर्णपदकही पुन्हा मिळालेले नाही. एक माणूस गेला म्हणून सर्व गेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु एका माणसाने वीस वर्षे जे ओझे वाहिले, ते वाहणारे खांदे पुढे पुरेसे मिळाले नाहीत, एवढे म्हणता येईल. पदके कपाटात राहतात. साखळी सामने मात्र दर वर्षी नव्याने भरवावे लागतात, मुले दर वर्षी नव्याने शिकवावी लागतात. जेथे हे काम थांबते, तेथे कपाटातील पदके जुनी होत जातात.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. खेळाच्या तासात मुले काय शिकतात? शिकविणारा असेल आणि शिकणारा मन लावील, तर ती दोन गोष्टी शिकतात. आपल्या हाती आलेली चांगली वस्तू योग्य वेळी दुसऱ्यास द्यावी, ही एक. आणि आपला जो पाय दुबळा आहे त्याची लाज न बाळगता त्याच पायाने रोज चेंडू मारावा, ही दुसरी. ज्यास गणित येत नाही, ज्यास सभेत बोलता येत नाही, ज्यास राग आवरत नाही, त्या प्रत्येकाचा एकेक दुबळा पाय आहे. आमचाही आहे.

यास्तव आम्ही असे योजिले आहे, की येत्या सत्रापासून आठवड्यातील एका सायंकाळी आपल्या मैदानावर फक्त दुबळ्या पायाने खेळावयाचे, आणि दुसऱ्या एका सायंकाळी चेंडू घोळविण्याची मनाई करावयाची. वर्गावर्गांतील सामनेही यापुढे बाद पद्धतीने न होता साखळी पद्धतीने होतील, म्हणजे कोणताही वर्ग एका पराभवाने घरी बसणार नाही. पालकांस आमची विनंती आहे, की त्यांनी एखाद्या सायंकाळी येऊन मैदानाच्या कडेस उभे राहावे. मुले ठेचाळतील, चेंडू भलतीकडे जाईल, आणि हसू येईल. हसावे, पण थोडा वेळ थांबावे. चादरघाटच्या शाळेत जे मास्तर शिटी घेऊन असेच थांबत, त्यांचे स्मरण ठेवण्याची याहून चांगली रीत आम्हांस सुचत नाही.